जांभ्याच्या घरात गाणं खेळवताना

घरभर गाणं ऐकू यायला हवं असं कुणी म्हटलं, की पाठोपाठ प्रश्न येतो तो स्पीकरच्या कंपनीचा. कोकणातल्या पावस गावी आमच्या घराची मागची बाजू नव्याने बांधायला काढली तेव्हाही तेच झालं. मुंबईच्या चुलतभावाने मोबाइलवर चार वायरलेस स्पीकर निवडूनच ठेवले होते. वायरमन मात्र जुन्या भिंतीवर थाप मारून म्हणाला, "दादा, हिच्याआड फोन लागत नाही, तर तुमचा स्पीकर काय लागणार?"

भिंत दीड फुटाची, जांभ्याची. माजघरातल्या राउटरचं वाय-फाय मे महिन्यात पडवीपर्यंत कसंबसं पोचतं. जुलैत चिरा पाणी पिऊन बसला की तेवढंही नाही, कारण ओली भिंत या लहरी जास्त शोषते; त्यातही पाच गिगाहर्ट्झच्या लहरी आधी दम तोडतात. सिमेंटच्या फ्लॅटमध्ये वर्षभर बिनबोभाट चाललेली व्यवस्था इथे जशीच्या तशी आणली, तर ती दसऱ्यानंतरच धड चालणार. गणपती त्याआधी येतात.

गणपतीचं नाव काढलं कारण आमच्याकडे खरी परीक्षा तेव्हाच झाली. एका वर्षी हौसेने ओटीवर एक आणि माजघरात एक असे दोन वायरलेस स्पीकर ठेवले. रेकॉर्डवरची आरती लावली तर ओटीवरचा आवाज आणि माजघरातला आवाज एकमेकांच्या मागे धावायला लागले. टाळ एकदा वाजायचा, पण दोनदा ऐकू यायचा. ब्लूटूथवरून आवाज पोचायला पाव सेकंदापर्यंत उशीर होऊ शकतो आणि प्रत्येक स्पीकरचा उशीर वेगळा. हवेत आवाज एका सेकंदात साधारण 343 मीटर जातो. म्हणजे दोन स्पीकरांत सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक पडला, तर एक स्पीकर 34 मीटर लांब, पार आगरात नेऊन ठेवल्यासारखं ऐकू येतं. सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यापुढे फरक गेला की कानाला दोन आवाज वेगळे कळायला लागतात.

यावर उपाय आहे. बहुखोली आवाजाच्या चांगल्या यंत्रणा सगळ्या खोल्यांची घड्याळं जुळवतात, गाणं थोडं साठवून घेतात आणि मग सगळीकडे एकाच क्षणी सोडतात. स्नॅपकास्ट नावाची मोफत प्रणाली मुळात एक सेकंद गाणं राखून ठेवते. रेकॉर्ड ऐकताना तो सेकंद कुणाला कळत नाही. पण ओटीवर कुणीतरी माइक हातात घेऊन आरती म्हणतंय आणि ती स्वयंपाकघरात मोदक वळणाऱ्या बायकांनाही ऐकू जायला हवी, अशी अपेक्षा असेल तर हा साठवलेला सेकंदच घात करतो. ओटीवर कडवं संपतं तेव्हा आत शेवटची ओळ चालू असते आणि आतल्या टाळ्या बाहेरच्यांचा ठेका मोडतात. कोकणातल्या घरात हा प्रसंग वर्षातून दीड ते अकरा दिवस हमखास येतो. तेव्हा माइकची वाट पूर्ण तारेची ठेवा: माइक, मिक्सर, अँप्लिफायर, स्पीकर. मध्ये वाय-फाय नको. आणि माइक ज्या खोलीत असेल तिथले स्पीकर बंद करायची सोय हवीच, नाहीतर तो शिट्टी मारतो.

कंपनीचा प्रश्न बाजूला ठेवून मग घरातल्या प्रत्येकाला विचारलं, तू कुठे बसून काय ऐकतोस? आईचं उत्तर लांबलचक होतं, पण सार एवढंच की सकाळी उठल्यावर आकाशवाणी रत्नागिरी लागली पाहिजे आणि त्यासाठी तिला चष्मा लावून फोन शोधायला लागू नये. म्हणून स्वयंपाकघरात भिंतीवर एक साधा फिरवायचा आवाजाचा नॉब आणि रेडिओचं एक बटण आलं. इंटरनेट गेलं तरी चालेल असा खराखुरा ट्यूनर जोडला. सगळ्या खर्चात ही वस्तू सगळ्यांत स्वस्त आणि वापरात पहिल्या नंबरावर. ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथे प्रत्येक खोलीत हाताने फिरवता येईल असं काहीतरी ठेवाच. नुसत्या ॲपवर चालणारं घर पाहुण्यालाही वापरता येत नाही.

खोल्या मोजून विभाग पाडू नका. जुन्या कौलारू घरात मधल्या भिंती पुष्कळदा आढ्यापर्यंत जात नाहीत, वरून माळ्यातून आवाज सरळ पलीकडे उतरतो. आमचं माजघर आणि देवघर कागदावर दोन खोल्या, कानाला एकच. तिथे दोन वेगळी गाणी लावायची सोय करणं म्हणजे पैसे घालून भांडण विकत घेणं. उलट नव्या बाजूला स्लॅबखालची माडी खरोखर वेगळी आहे. एका खोलीत रेडिओ लावून बाकीच्या खोल्यांत फिरून या, विभाग आपोआप ठरतात. हे काम पावसात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा करावं. पडवीवर पत्रा असेल तर आषाढात तिथे काहीही लावलं तरी पत्राच ऐकू येतो. आवाज कानाला दुप्पट वाटायला अँप्लिफायरची ताकद सुमारे दहापट लागते, म्हणून पावसाशी स्पर्धा न केलेली बरी.

आता तारा. एका गणपतीत अँप्लिफायर दुसऱ्याच दिवशी जळाला, त्याचं कारण साधं गणित होतं. आठ ओहमचे चार स्पीकर एकाच टर्मिनलला समांतर जोडले होते. आठ भागिले चार, दोन ओहम. अँप्लिफायरच्या पाठीवर चार ओहमच्या खाली जाऊ नये असं छापलेलं होतं. घरात जेवढे विभाग, तेवढे अँप्लिफायरचे चॅनल, हा सरळ मार्ग. नाहीतर गावच्या मंडपात, देवळात वापरतात तो 100 व्होल्टचा मार्ग. अहुजासारख्या कंपन्यांच्या बहुतेक मोठ्या अँप्लिफायरमागे ते टर्मिनल असतं. विजेची कंपनी लांबवर वीज न्यायला दाब वाढवते, तसंच हे. प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यावर पाच वॅट, दहा वॅट असे टप्पे निवडायचे आणि सगळ्यांची बेरीज अँप्लिफायरच्या वॅटच्या आत ठेवायची. खळ्यातल्या आणि गेटजवळच्या स्पीकरला आम्ही हेच केलं. तबल्याचा डग्गा त्यावर जरा पोकळ वाजतो, पण बाहेर चालतं. फक्त ही तार हाताला झटका देऊ शकते, तेव्हा ती विजेच्या तारेइतक्याच काळजीने टाका.

आठ ओहमच्या स्पीकरला तारेचा विरोध त्याच्या पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे 0.4 ओहमपर्यंत ठेवावा असा संकेत आहे. त्या हिशोबाने तांब्याची दीड चौरस एमएमची तार सुमारे 16 मीटरपर्यंत आणि अडीचची 27 मीटरपर्यंत पुरते. पण ती तांब्याची असली पाहिजे. बाजारात सीसीए नावाची तार मिळते: आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा पातळ मुलामा. विरोध दीडपटीच्या आसपास आणि खाऱ्या हवेत टोकं लवकर खराब होतात. ओळखायची कशी? टोक सोलून एक तंतू ब्लेडने खरवडा. आतून पांढरा निघाला की दुकानदाराला परत करा. त्याहून सोपं म्हणजे वजन. दीड एमएमच्या दुपदरी तारेच्या 90 मीटर बंडलात नुसतं तांबंच 2.4 किलोच्या घरात असतं. सीसीएतला धातू त्याच्या निम्माही भरत नाही. आम्ही बंडल आंब्याच्या काट्यावर ठेवलं. काटा जिथे थांबला ते पाहून वायरमन काही बोलला नाही, बंडल उचलून स्कूटरला बांधलं आणि रत्नागिरीला गेला.

चिऱ्याची भिंत उघडी, नुसतं पॉइंटिंग करून ठेवायची असेल तर पाइप बांधकाम चालू असतानाच टाकले पाहिजेत. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागून तो कठीण होत जातो. मागाहून झिरी मारली तर कडा फुटतात आणि डाग कायमचा राहतो. प्रत्येक विभागाला एक पाइप जास्तीचा टाका आणि त्यात नुसती ओढदोरी ठेवा. जिथे स्पीकरची तार जाते तिथे नेटवर्कचीही एक केबल जाऊ द्या. सगळे पाइप एकाच कपाटाशी यावेत. ते कपाट बाहेरच्या भिंतीला नको, तिला पावसात घाम फुटतो. त्याच्या जाळीतून पाल आत शिरणार नाही एवढं बघा. अँप्लिफायरची ऊब पालीला फार आवडते, आणि सर्किटवर ती आडवी झाली की दोघांचाही शेवट होतो. छतातले स्पीकर कौलाखाली लावू नका, वाशांवरून उंदीर फिरतात. कागदी पडद्याचे स्पीकर बुरशी धरतात, फोमची कड काही वर्षांत गळते. प्लॅस्टिकचा पडदा आणि रबराची कड घ्या.

तारा भिंतीत कायमच्या असतात. यंत्रणेचा मेंदू मात्र भिंतीबाहेर आणि बदलता येण्यासारखा हवा. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स या घरभर गाणं वाजवणाऱ्या यंत्रांचं उत्पादन 2012 मध्ये थांबवलं. गूगलने जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेतला पेटंटचा निकाल विरुद्ध गेल्यावर एकत्र केलेल्या स्पीकरांचा आवाज एकदम कमीजास्त करायची सोय काढली. सोनॉस या स्पीकर-कंपनीचं मे 2024 मधलं नवं ॲप इतकं वाईट गाजलं की जानेवारी 2025 मध्ये प्रमुखांना पायउतार व्हावं लागलं. यातली स्क्वीझबॉक्सची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते, कारण त्याचा सर्व्हर मुक्त स्रोताचा होता. लोकांनी तो जिवंत ठेवला आणि आज तो लिरियन या नावाने चालतो. आमच्याकडे एका छोट्या संगणकावर तोच आहे, घरातली उपकरणं सांभाळणाऱ्या होम असिस्टंट प्रणालीला जोडलेला. उद्या तो बिघडला तरी तारा, अँप्लिफायर आणि आईचा नॉब जागच्या जागी राहतील.

वीज जाणं गृहीत धरा. राउटर, नेटवर्कचा स्विच आणि छोटा संगणक यांना फारशी वीज लागत नाही, त्यांना इन्व्हर्टरवर टाका. नाहीतर दर वेळी वीज आली की कोण आधी उठतं यावर घरभर गोंधळ होतो. सगळ्या उपकरणांना राउटरमध्ये पत्ता कायमचा बांधून द्या. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात तेव्हा मुख्य पेटीत सर्ज अरेस्टर हवा, आणि अर्थिंग धड नसेल तर त्याचा उपयोग नाही. सड्यावर कातळात अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं, त्याचा खड्डा भिजता ठेवावा लागतो. ढग गडगडायला लागले की नेटवर्कची बाहेरून येणारी केबलही उपटा. फायबर असेल तर त्यातून वीज येत नाही, तेवढी काळजी कमी.

शेजारधर्मही यातच आला. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही. पावससारख्या गावात, जिथे लोक स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी शांत बसायला लांबून येतात, खळ्यातल्या स्पीकरचा कमाल आवाज अँप्लिफायरमध्येच बांधून टाकलेला बरा. मुलांनी वानरांना पळवायला तो बागेकडे वळवून पाहिला होता. वानर दोन दिवस बिचकले, मग गाणी ऐकत आंबे खाऊ लागले.

गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो घ्या, शेजारी टेप धरून. आणि तारा ओढून झाल्या की अँप्लिफायर जोडण्याआधी, आठ ओहमच्या प्रत्येक स्पीकरच्या तारेच्या कपाटातल्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, दुसऱ्या माणसाला खोलीत स्पीकरकडे बघायला सांगा. लाल तारेला सेलची अधिक बाजू असताना पडदा बाहेर आला पाहिजे. आत गेला तर तारा उलट्या आहेत, आणि जोडीतला एक उलटा असला की खर्ज हवेतच विरतो, मग लोक महागडा स्पीकर बदलत बसतात. आमच्या माडीवर डावीकडचा तसा निघाला. वायरमनने टोकं बदलली, लाल टेप गुंडाळली आणि मग रंगाऱ्याला फोन लावला.