पाठ : ऱ्हाईनकाठचे ब्रायझाख



शिवाजी महाराजांच्या गडांविषयी आपण वर्गात शिकलो आहोत. वर डोंगर, खाली वाट, आणि गड ज्याच्या ताब्यात त्याचाच वाटेवर अंमल. आज आम्ही तुम्हाला जर्मनीतल्या अशाच एका गावाची ओळख करून देणार आहोत. त्याचे नाव ब्रायझाख.

फ्रायबुर्गच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, ऱ्हाईन नदीच्या अगदी काठाला एक खडकाळ टेकडी आहे. टेकडीवर संत श्टेफानचे जुने चर्च आहे. नदीपलीकडे फ्रान्स. रोमन लोकांनीही या टेकडीवर किल्ला बांधला होता. कारण सरळ आहे. टेकडी ज्याची, नदी ओलांडायची जागा त्याची. पण जी जागा सगळ्यांनाच हवी असते, तिथे राहणाऱ्यांच्या वाट्याला स्वस्थता येत नाही.

तट होते तेव्हा

युरोपात १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षे मोठे युद्ध चालले. त्यात १६३८ साली, फ्रान्सच्या पैशावर लढणाऱ्या बर्नहार्ड या सरदाराने ब्रायझाखला वेढा घातला. तट पडले नाहीत, पण आतले धान्य संपले. लोक भुकेने मेले आणि डिसेंबरात गाव शरण आले. १६४८च्या तहात ते फ्रान्सला मिळाले.

फ्रान्सचा प्रसिद्ध इंजिनिअर व्होबाँ याने ब्रायझाखचे तट आणखी भक्कम केले. पुढे १६९७च्या तहाने फ्रान्सला हे गाव ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याला परत द्यावे लागले. तेव्हा फ्रान्सने पलीकडच्या तीरावर नवे किल्लेगाव वसवायला घेतले. तेच नफ-ब्रिझाक, म्हणजे ‘नवे ब्रायझाख’. त्याचा अष्टकोनी आराखडाही व्होबाँचाच. १७०३ साली फ्रेंच सैन्याने जुन्या ब्रायझाखवर हल्ला करून ते जिंकले. त्या वेढ्यात व्होबाँ स्वतः हजर होता! आम्ही इंजिनिअर मंडळी एक गोष्ट जाणून असतो : कच्चे दुवे बांधणाऱ्यालाच सर्वांत जास्त ठाऊक असतात. १७१४ साली गाव पुन्हा हॅब्सबर्गांकडे गेले.

तट गेले तेव्हा

१७४०च्या दशकात ऑस्ट्रियाच्या मारिया टेरेसाने हे तटच पाडून टाकले. किल्ला फ्रान्सच्या हाती लागून आपल्यावरच उलटू नये, हा विचार. आपल्याकडे १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून फोडल्या, तो प्रकार आठवा.

आता किल्लाच नाही म्हटल्यावर गावावर कोण चालून येणार? पण तसे झाले नाही. सप्टेंबर १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने पलीकडच्या तीरावरून तोफा डागल्या आणि गाव जळून गेले. लोकांनी ते पुन्हा उभारले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला, १९४५ साली, गावाचा सुमारे ८५ टक्के भाग उद्ध्वस्त झाला.

पलीकडच्या नव्या गावाचे तरी काय वेगळे झाले? १८७० साली जर्मन तोफांनी नफ-ब्रिझाक फोडले, आणि दुसऱ्या महायुद्धातही त्याची मोठी हानी झाली.

म्हणजे तट बांधून गाव वाचले नाही आणि तट पाडूनही वाचले नाही. मग उपाय काय?

मतदान

९ जुलै १९५० रोजी ब्रायझाखच्या लोकांनी एक मतदान केले. प्रश्न असा होता : देशांमधल्या भिंती दूर करून एकत्र युरोप व्हावा का? ९५ टक्क्यांहून अधिक मते ‘होय’ अशी पडली. या मतदानाने कोणताही कायदा बदलणार नव्हता. पण लक्षात घ्या, युद्ध संपून पाचच वर्षे झाली होती आणि गाव अजून पुरते सावरले नव्हते. ज्या तीरावरून तोफा आल्या, त्याच तीराशी शेजारधर्म जोडायला ही माणसे तयार झाली. आज ब्रायझाख स्वतःला ‘युरोपचे शहर’ म्हणवते. नफ-ब्रिझाकचे तट २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि पुलावरून दोन्हीकडचे लोक ये-जा करतात.

तरी सगळे सांधले गेले असे नाही. फ्रायबुर्गहून कोलमारला जाणारी रेल्वे इथे ऱ्हाईन ओलांडत असे. तो पूल युद्धात गेला, आणि तिथून आजवर रेल्वे पुन्हा धावलेली नाही. मोडायला एक दिवस पुरतो, जोडायला पिढ्या लागतात.

मित्रांनो, तुमच्या वर्गात फ्रेंच, जर्मन, पोलिश मुले एका बाकावर बसतात. तुम्हाला त्यात नवल वाटत नाही, आणि तसेच असावे. पण त्यासाठी कोणीतरी आधी ‘होय’ म्हणावे लागले, एवढे ध्यानात ठेवा.

शब्दार्थ
तट – किल्ल्याची भिंत
वेढा – गावाला चारी बाजूंनी अडवणे
तह – लढाई थांबवण्याचा करार
सुरुंग – खडक फोडण्यासाठी भरलेली दारू

स्वाध्याय
१. ब्रायझाखची टेकडी सर्वांना का हवी होती?
२. मारिया टेरेसाने तट का पाडले? त्याचा उपयोग झाला का?
३. तुमच्या आजी-आजोबांच्या गावाजवळ कोणता गड आहे? त्यांना विचारून पाच ओळी लिहून आणा.