हवानाची मोटारशर्यत
क्यूबाची राजधानी हवाना येथें समुद्रकांठच्या मालेकोन रस्त्यावर १९५७ सालीं स्पोर्ट्‌स मोटारींची शर्यत सुरू झाली. त्या वर्षीं अर्जेंटिनाचा सुप्रसिद्ध फान्जिओ विजयी झाला. देशांत सर्वत्र स्वस्थता आहे, असें हुकूमशहा बातिस्ता ह्यास ह्या थाटानें जगास दाखवावयाचें होतें. परंतु २३ फेब्रुवारी १९५८ रोजीं क्रांतिकारकांनीं फान्जिओस लिंकन हॉटेलांतूनच पळवून नेलें! दुसऱ्या दिवशीं त्याच्यावांचूनच शर्यत सुरू झाली. पण एक मोटार घसरून प्रेक्षकांत घुसली, अनेक माणसें दगावलीं, व शर्यत थांबवावी लागली. फान्जिओस मात्र इजा न करतां सोडण्यांत आलें. १९५९ च्या आरंभीं बातिस्ताची सत्ता गेली. १९६० सालीं शर्यत लष्करी विमानतळावर भरली, ती अखेरचीच. देखाव्याच्या पडद्याआड प्रजेचें दुःख फार काळ दडत नाहीं, असें हा इतिहास आम्हांस सांगतो.