बिल्डरकडून आलात का?

टेंभी नाक्यावरून चरईकडे वळावं आणि एखाद्या कौलारू घरासमोर गळ्यात कॅमेरा अडकवून उभं राहावं. पाच मिनिटांत वरच्या गॅलरीतून प्रश्न येतो, "काय हो, बिल्डरकडून आलात का?" हौस म्हणून कोणी पडक्या भिंतींचे फोटो काढतं यावर जुन्या ठाण्यातल्या माणसांचा विश्वास नाही, आणि त्यांचं चुकत नाही. अशा घरांत पुष्कळदा मालक एक, पागडीचे भाडेकरू चार, वारस दहा आणि वर कोर्टात दावा. तिथला फोटो नुसता फोटो राहत नाही, तो कोणाच्या तरी फायलीत जाऊन बसतो.

माझा एक फोटो असाच बसला. घर कुठलं ते सांगत नाही. दुमजली, खाली दुकानं, वर लाकडी गॅलरी, कठड्याला कातीव काम केलेल्या फळ्या. सकाळचं ऊन भिंतीवर तिरकं पडलं होतं. तिरक्या उन्हात भिंतीचा पोत उठून दिसतो, चुन्याचे पापुद्रे, विटांच्या कडा, जुन्या रंगांचे थर, सगळं वर येतं. फोटोवाला याच वेळेची वाट बघत असतो. पण त्याच उन्हात गॅलरीखालच्या गिलाव्यातली केसाएवढी भेग बोटभर रुंद आणि खोल दिसू लागली. शेजारी मोजायला काही नव्हतं, चौकटही जवळून घेतलेली. फोटो झकास आला. ओळखीच्या दोघा-तिघांना व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, तिथून पुढे कुठे कुठे गेला देव जाणे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर 'इमारत केव्हाही कोसळेल' अशा अर्जाला जोडलेला निघाला. माझं नाव कापलेलं होतं, पण गल्लीत कॅमेरा घेऊन कोण हिंडलं होतं हे सगळ्यांना ठाऊक. वरच्या मजल्यावरच्या आजींनी आरडाओरडा केला नाही. "तुला चहा दिला होता ना रे आम्ही?" एवढंच म्हणाल्या.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्त करता येईल अशी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजीची. सी-१ आणि सी-२बी यांच्यामधलं अंतर भाडेकरूच्या लेखी राहतं घर असणं आणि नसणं, इतकं आहे. निर्णय स्ट्रक्चरल ऑडिटवर होतो, फोटोवर नाही, हे खरं. पण अर्जाला धार फोटोनं येते.

याचा अर्थ भेगा लपवाव्यात असा नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यात बी-केबिन भागातली कृष्ण निवास रात्री कोसळली आणि झोपेतली माणसं गेली, हे ठाणेकर विसरलेले नाहीत. खरी भेग असेल तर तिचा पुरावा हवाच, फक्त तो पुराव्यासारखा काढलेला हवा. भेगेशेजारी फूटपट्टी धरा, पट्टी नसेल तर एक रुपयाचं नाणं चालेल. ढगाळ उजेडात किंवा सावलीत काढा, म्हणजे ऊन ती आहे त्याहून खोल दाखवणार नाही. आधी पूर्ण भिंत, मग मधला भाग, मग भेग असे तीन फोटो एकापाठोपाठ घ्या, तारीख लिहा, आणि पावसाळा उलटल्यावर त्याच जागी उभं राहून पुन्हा घ्या. दोन्हींत फरक नसेल तर तीही माहितीच. माझ्या फोटोतली भेग गवंड्यानं नंतर टोकरून पाहिली. जुन्या चुन्याच्या भिंतीवर कोणीतरी सिमेंटचा गिलावा मारला होता. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंट ती आत कोंडतं, मग गिलावा फुगतो आणि तडकतो. मागची भिंत शाबूत होती. पण एवढं फोटोवरून कोणाला कळणार!

रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढण्यात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा भंग होत नाही, वास्तूच्या फोटोला त्यात स्पष्ट सूट आहे. हे मला तोंडपाठ आहे आणि गल्लीत एकदाही कामी आलेलं नाही. तिथे कामी येतं ते विचारणं. मालकाला वेगळं आणि भाडेकरूला वेगळं विचारावं. एकानं हो म्हटलं की दुसरा आपोआप तुमच्याकडे त्याचा माणूस म्हणून बघू लागतो. जिने, दारावरच्या नावाच्या पाट्या, वाळत घातलेले कपडे, वीजमीटरवरचे नंबर चौकटीत येऊ देऊ नयेत. मोबाइल फोटोत जागेची नोंद आपोआप दडवून ठेवतो, पाठवण्याआधी ती काढून टाकावी. आणि भेगेचा सुटा फोटो कोणालाही, अगदी जिवलग मित्रालाही, नुसता पाठवू नये. तारीख, माप आणि दोन ओळींची टीप फोटोतच छापून टाकावी, म्हणजे कापणाऱ्याला निदान कष्ट पडतील.

काही जागी तर विचारूनही भागत नाही. नाक्याजवळचं शार हाशामाईम हे बेने इस्रायली ज्यूंचं १८७९ सालचं प्रार्थनास्थळ ठाण्याच्या देखण्या वास्तूंपैकी एक. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यापासून अशा जागांबद्दलची काळजी वाढली आहे. तिथे बाहेरून घाईघाईत फोटो मारून पळणं हा अडाणीपणा. विश्वस्तांना आधी गाठावं, शब्बाथ आणि सणाचे दिवस सोडावेत. मुनिसुव्रतस्वामींच्या जैन मंदिरातही आधी विचारावं, मगच कॅमेरा काढावा. किल्ल्याचं प्रकरण त्याहून सरळ आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतलेला ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथूनच निसटले आणि १९ एप्रिल १९१० ला क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना इथेच फाशी झाली. इतिहास कितीही खुणावो, त्या भिंतीकडे लेन्स वळवायची नाही. पहारेकऱ्याला तुमचं इतिहासप्रेम दिसत नाही, कॅमेरा दिसतो.

त्या मानानं अंबरनाथचं शिवमंदिर सोपं. शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेलं हे शिलाहारकालीन देऊळ केंद्रीय संरक्षित आहे. अशा स्मारकांत साध्या छायाचित्रणाला २०१८ पासून सर्वसाधारण मोकळीक आहे. अजिंठ्याच्या लेण्यांसारखे मोजके अपवाद सोडून. ट्रायपॉड आणि दिवे न्यायचे तर परवानगी लागते. नवशिक्यांनी हात तिथे बसवावा, गल्लीत नंतर यावं. कॅमेरा वर वाकवला की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते, हे तिथे पहिल्या तासात कळतं. उपाय जुनाच आहे, कॅमेरा सरळ धरायचा, मागे सरायचं आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापायची. टेंभी नाक्यावर मागे सरायला जागा नसते, मागे रिक्षा उभी असते. मग समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर जाऊन काढायचा, आणि त्यासाठी पुन्हा तिथल्या कोणाला तरी विचारायचं. नवरात्रात तर नाक्यावर यायचंच नाही. देवीचा मांडव, कमानी आणि फ्लेक्स यांच्याआड घरं दिसतच नाहीत.

काढलेलं ठेवायचं कसं, हा प्रश्न इथल्या लोकांना सुचत नाही, पण इतिहासानं त्याची चांगलीच शिक्षा दिलेली आहे. मेजर रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं अजिंठ्यात बसून केलेल्या चित्रांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या कला महाविद्यालयाच्या जॉन ग्रिफिथ्सनं विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. तेव्हा दोन ठिकाणी दोन हार्ड डिस्क, आणि निवडक फोटोंच्या कागदी प्रती. कागदी प्रतींतली एक त्या घरच्यांना द्यावी.

आजींना मी पूर्ण दर्शनी बाजूचे नवे फोटो छापून दिले, पट्टी धरून काढलेले. तेव्हा कुठे जिन्याचं दार पुन्हा उघडलं. पुढे गॅलरीच्या दुरुस्तीला सुतार आला तेव्हा कठड्याच्या तीन फळ्या सडून पडल्या होत्या. फोटोवरून त्यानं नक्षीचा कागद कापला, उंची-रुंदी पट्टीवरून काढली आणि मग मला फोन लावला, "साहेब, फळीची जाडी किती होती?" ती समोरून काढलेल्या फोटोत येत नाही. तेव्हापासून प्रत्येक कठड्याचा एक फोटो मी बाजूनंही घेतो.