शिरेतील नळी आणि परिचारिकेची दक्षता

त्वचा ही शरीराची तटबंदी होय. सलाईन अथवा औषध थेट रक्तात पोहोचविण्यासाठी रुग्णाच्या हातात जी बारीक प्लॅस्टिकची नळी बसवितात, ती म्हणजे या तटबंदीस जाणूनबुजून पाडलेले खिंडारच. हिला कॅन्युला म्हणतात. आपल्या रुग्णालयांतून ती ‘इंट्राकॅथ’ किंवा ‘व्हेनफ्लॉन’ या नावांनी अधिक परिचित आहे. या खिंडारातून औषध आत जाते, आणि दक्षता ढळल्यास रोगजंतूही जातात. ते रक्तात पसरले, तर साध्या आजारासाठी आलेल्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

हे जंतू बहुधा दुरून येत नाहीत. स्टॅफिलोकॉकस वर्गातील काही जीवाणू निरोगी त्वचेवरही नांदत असतात. नळीस चिकटल्यावर ते आपल्याभोवती एक बुळबुळीत आवरण निर्माण करतात, आणि त्याआड प्रतिजैविकांचा प्रभाव फारसा पोहोचत नाही. जंतूंच्या मुख्य वाटा दोन : नळी त्वचेत शिरते ते छिद्र, आणि औषध सोडण्याचे तिचे बाहेरील तोंड.

पहिल्या वाटेचा बंदोबस्त हातांच्या स्वच्छतेपासून सुरू होतो. हातमोजे घातले म्हणून हात धुण्यातून सुटका नाही. नंतर अल्कोहोलमिश्रित क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसून ती आपोआप वाळू द्यावयाची. फुंकर घालून वाळविणे हे तर तोंडातील जंतूंस आमंत्रणच होय. शुद्ध केलेल्या जागी शीर चाचपण्यासाठी पुन्हा बोट लावले, की सारा खटाटोप व्यर्थ जातो. नळीवर निर्जंतुक पारदर्शक पट्टी लावून तारीख व वेळ नोंदवितात. पट्टी पारदर्शक असल्याने ती न उचलताच आतील जागा पाहता येते.

दुसरी वाट अधिक फसवी आहे. प्रत्येक वेळी औषध देण्यापूर्वी नळीचे तोंड अल्कोहोलच्या बोळ्याने सुमारे 15 सेकंद घासून वाळू द्यावे लागते. गजबजलेल्या कक्षात हा अवधीही मोठा वाटतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि ओझरते पुसणे हे पुसणे नव्हे.

नळी किती दिवसांनी बदलावी? दर तीन-चार दिवसांनी ती बदलण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील तीन रुग्णालयांत परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका क्लेअर रिकार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 3,283 रुग्णांवर या प्रथेची परीक्षा केली. एका गटाची नळी दर तिसऱ्या दिवशी बदलली, दुसऱ्याची केवळ तसे कारण दिसल्यावर. ‘लॅन्सेट’मध्ये 2012 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिरेचा दाह दोन्ही गटांत सारखाच, सुमारे 7 टक्के, आढळला. म्हणजे रुग्णास पुनःपुन्हा टोचल्याने काहीच लाभ झाला नव्हता.

अर्थात यामुळे परिचारिकेचे काम हलके झाले नाही. पंचांगाऐवजी आता तिच्या नजरेवर भिस्त आली. लाली, सूज, ठणका, शिरेची दोरीसारखी कठीण रेघ किंवा पू यांसाठी प्रत्येक पाळीत जागा पाहावी लागते. यांपैकी काही दिसताच नळी काढतात. धावपळीच्या प्रसंगी, पुरेशी शुद्धता न राखता बसविलेली नळी मात्र शक्य तितक्या लवकर, 48 तासांच्या आत बदलणे योग्य समजले जाते.

आणखी एक नळी सहज विस्मरणात जाते. रुग्ण तोंडाने औषध घेऊ लागलेला असतो, सलाईन थांबलेले असते, परंतु ‘लागली तर असू द्यावी’ म्हणून ती तशीच राहते. तिचा उपयोग संपलेला असतो, धोका तेवढा शिल्लक. चाणाक्ष परिचारिका डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी तिच्याविषयी आवर्जून विचारते, आणि संमती मिळताच ती काढून, त्या जागी निर्जंतुक बोळा दाबून धरते व रक्त थांबल्यावर तशी नोंद करते.