चित्रांच्या पुस्तकातून धम्माचा पाठ



आपण दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, घरातले जुने देव्हारे काढले. पण मुलाच्या मनातला न्यूनगंड निघाला काय? वर्गात आडनाव सांगताना त्याची मान खाली जात असेल, आपल्या सावळ्या रंगाची त्याला लाज वाटत असेल, तर आपली दीक्षा अजून उंबरठ्याबाहेरच उभी आहे.

लहान मूल उपदेशाने शिकत नाही, पाहून शिकते. अमेरिकेत केनेथ व मेमी क्लार्क या दांपत्याने १९४० च्या सुमारास कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हटली. हा हीनभाव जन्माचा नव्हे. तो समाजाने शिकविलेला असतो. जे शिकविले ते पुसताही येते.

त्यासाठी २०११ साली निघालेले ‘भीमायन’ हे चित्रपुस्तक घरी आणा. दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी त्यातली चित्रे काढली आहेत. शाळेत शिपाई नसला की तहानलेला राहणारा बालभीम त्यात आहे. १९०१ साली मसूर स्टेशनावर उतरलेली, जात कळताच गाडीवानांनी नाकारलेली भावंडे त्यात आहेत. विषारी बोलणाऱ्यांच्या शब्दांना तेथे विंचवाची नांगी आहे, तर मायेच्या शब्दांना पक्ष्याचा आकार आहे. पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून अडू नका. चित्र दाखवा आणि गोष्ट आपल्या बोलीत सांगा.

अपमानाचे पान मात्र गाळू नका. तेथे थांबून मुलाला विचारा, ‘यात चूक कुणाची? तहानलेल्याची, की पाणी नाकारणाऱ्याची?’ उत्तर त्यालाच देऊ द्या. लाज ज्याची त्याच्याकडे परत गेली, की मुलाची मान आपोआप वर येते.

मग राजगृहाचे रस्ते झाडणाऱ्या सुनीताची गोष्ट सांगा. तथागतांनी त्याला आहे तसा जवळ केले आणि संघात घेतले. जन्माने कोणी नीच ठरत नाही, हा धम्म मुलाला असा समजतो.

शेवटी मुलाला स्वतःचे चित्र काढायला सांगा. रंग त्याचा, घर त्याचे. ते चित्र भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावा. येणाऱ्या रविवारी एवढे कराच.

नमो बुद्धाय! जय भीम!