घरभर खेळ

सेलू तालुक्यातलं आमचं घर निम्मं जुन्या माळवदाचं, निम्मं नव्या स्लॅबचं. आम्हा दोघी जावांची लेकरं याच घरात वाढली. स्लॅबचं काम निघालं तेव्हा लेकरांना खेळायला वेगळी खोली काढा, असं गवंडी म्हणाला होता. आम्ही नको म्हटलं. लेकरं माणसांच्या मागंमागं असतात. आई, आजी, काका जिथं कामात, तिथंच त्यांचा खेळ रंगतो. म्हणून घराच्या प्रत्येक भागात त्यांना थोडी थोडी जागा करून दिली. त्यातून जे कळलं, ते लिहिते.

1. आधी ऊन बघावं, मग जागा ठरवावी. परभणीकडं मे महिन्यात पारा 43-44 च्या घरात जातो. पत्र्याखाली दुपारी मोठ्यांनाही बसवत नाही. माळवदावर मातीचा जाड थर असतो, त्यामुळं खालची ढाळज गार राहते. आमच्याकडं सकाळी लिंबाखाली, दुपारी ढाळजेत आणि दिवस मावळल्यावर पाणी शिंपडलेल्या गच्चीवर खेळ चालतो. खेळणी एका टोपलीत. टोपली लेकरांबरोबर हिंडते. गच्चीचा कठडा मोठ्या माणसाच्या छातीएवढा हवाच, आणि कठड्याला लागून खाट किंवा ड्रम ठेवू नये. लेकरू त्यावर चढतंच.

2. स्वयंपाकघरातून लेकरांना हाकलू नये, बसायची जागा नेमून द्यावी. आमच्याकडं काठवटीच्या पलीकडं, चुलीपासून लांब, भिंतीला टेकून एक पाट असतो. त्यावर बसणाऱ्याला ज्वारीच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा मिळतो. थापायला लागलं की ज्वारीची कड चिरते. मग लेकरू आपोआप बोटं पाण्यात बुडवतं आणि चीर मिटवतं. चार-पाच वर्षांच्या पोरांना एवढा वेळ गुंतवून ठेवणारं विकतचं खेळणं मी अजून पाहिलं नाही.

3. खुंटी लेकराचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर ठोकावी. जुन्या भिंतीतल्या खालच्या देवळ्या आम्ही लेकरांना देऊन टाकल्या. एकीत सागरगोटे, एकीत चिंचोके, एकीत भातुकली. स्वतः काढलं की स्वतः ठेवतात.

4. अंगणाला सगळीकडून फरशी करू नये. तीन बाजूंनी शहाबादी घातली तरी एक कोपरा मातीचा राहू द्यावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला खेड्यातल्या लेकरांसाठी काम उभं केलं. लेकरं बालवाडीत येत नसतील तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हे त्यांनी करून दाखवलं. पानं, खडे, माती, बिया हेच तिथलं साहित्य. आपल्या अंगणात तर ते फुकट पडलेलं असतं. पोळ्याला लेकरं काळ्या मातीचे बैल करतात. आपली माती वाळली की तडकते, म्हणून मळतानाच चिमूटभर कापूस पिंजून त्यात मिसळावा. बैलाची शिंगं टिकतात. बांधकामातून उरलेली वाळू आम्ही एका कोपऱ्यात ठेवली आहे. रात्री तिच्यावर ताडपत्री घालतो, नाहीतर मांजरं घाण करतात. टाकीवर झाकण आणि हौदाला जाळी. रांगतं लेकरू बादलीभर पाण्यातही बुडू शकतं, म्हणून भरलेली बादली अंगणात सोडायची नाही.

5. कापसाची खोली ही खेळायची जागा नाही. आपल्या भागातल्या प्रत्येक घरानं हे ठरवून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते आणि भावाची वाट बघत कापूस संक्रांतीपर्यंत, कधी उन्हाळ्यापर्यंत घरात राहतो. आढ्यापर्यंत पांढरा ढीग दिसला की लेकरांना उडी मारावीशी वाटणारच. पण ढीग सरकला की लहान पोर आत दबतं, तोंडानाकात कापूस जातो, बाहेर आवाज येत नाही. जुन्या कापसात बारीक किडे होतात, अंगभर खाज सुटते. आणि ठिणगी पडली तर पळायलाही वेळ मिळत नाही. आमच्या कापसाच्या खोलीला कडी लेकरांच्या हाताबाहेर, वर आहे. फवारणीची औषधं आणि पंप घरातच ठेवत नाही; शेतातल्या कोठ्यावर कुलपात असतात. रिकामी बाटली भातुकलीत कधीच येऊ द्यायची नाही, कितीही धुतलेली असो.

त्यांची उडी मारायची हौस मात्र खरी असते, ती भागवावी. आम्ही फाटक्या गोधड्या पोत्यांत कोंबून ओसरीत रचून दिल्या. लिंबाला नाड्याचा झोका बांधला, तो नागपंचमीनंतरही सोडला नाही.

6. थोरल्या मुलीचा खेळ मोडू देऊ नये. दहा-अकरा वर्षांची झाली की तिला भांडी, धुणं, धाकट्याला सांभाळणं लागतं. त्याच वयाचा मुलगा मात्र वेशीत क्रिकेट खेळत असतो. हे मला सोसत नाही. अशा मुलीला घरातच हक्काची जागा हवी, कारण बाहेरची जागा तिच्या वाट्याला लवकर येत नाही. आमच्या ढाळजेत कॅरम बोर्ड कायम मांडलेला असतो, वर दिवा आहे. जावेची थोरली संध्याकाळी मैत्रिणींना घेऊन तिथं बसते. डाव चालू असताना तिला पाणी आणायला, चहा टाकायला उठवायचं नाही, असं घरात ठरलेलं आहे. पाहुणे आले तर तिचा भाऊ उठतो.