हुंडीची पैठ आणि पुण्याची नोकरी

आपल्या समाजातील तरुण पेढी सोडून परदेशी कंपन्यांच्या नोकऱ्या पत्करू लागले आहेत, ही तक्रार लष्करच्या दालबाजारात नित्य कानी पडते. मीही ती पुष्कळ वेळा केली आहे. माझा पुतण्या पुण्यात, देशोदेशी पैशांची देवघेव पोचविणाऱ्या एका कंपनीत अभियंता आहे. गतवर्षी त्याच्याकडे आठ दिवस राहण्याचा योग आला. तेथे जे समजले ते व्यापारी बंधूंच्या विचारार्थ सादर करीत आहे.

प्रथम आपल्या जुन्या विद्येचे स्मरण करू. दर्शनी हुंडी दाखविताच पटे, मुदती हुंडी मुदत भरल्यावर. शाहजोग हुंडीचे पैसे पतदार शाहासच मिळत. हुंडी गहाळ झाल्यास पैठ व पैठही हरवल्यास परपैठ लिहून देत. परंतु तिहींपैकी एकच पटावयाची. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढी राखून ठेवल्या.

आता माझी चूक सांगतो. मोरेन्याच्या एका व्यापाऱ्यास मोहरीचे ४० हजार रुपये फोनवरून यूपीआयने पाठवीत होतो. उत्तर येईना, म्हणून अधीर होऊन पुन्हा पाठविले. दोन्ही रकमा पोचल्या! त्या सद्गृहस्थाने तिसऱ्या दिवशी एक रक्कम परत केली, म्हणून निभावले.

पुतण्या हसून म्हणाला, "काका, तुम्ही पैठ लिहिली नाहीत, दुसरी हुंडीच लिहिलीत." प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक असतो. उत्तर न आल्यास यंत्र तीच मागणी त्याच क्रमांकाने पुन्हा पाठविते. समोरचे यंत्र क्रमांक ओळखून दुसऱ्यांदा पैसे देत नाही. हीच पैठ. मी मात्र नवा क्रमांक निर्माण केला होता. एकाच मागणीचे पैसे दोनदा जाऊ न देणे, हेच त्याच्या नोकरीचे मुख्य काम.

तेथील शिस्त मननीय वाटली. कोणीही एकट्याने काही बदलू शकत नाही. एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे. रोज जमाखर्चाचा मेळ बसलाच पाहिजे. ग्राहकांची माहिती कामापुरतीच दिसते. चूक झाल्यास "कोणी केली" याऐवजी "कोणत्या रीतीमुळे घडली" हे लिहून ठेवतात. आम्ही मुनिमावर ओरडतो; पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सायंकाळी अमेरिकेतील सहकाऱ्यांशी बोलणी चालतात. पाळी असेल त्या रात्री बिघाडाचा फोन आला की उठावे लागते. धनी कोण, हे त्याने कधी पाहिलेले नाही. वरून हुकूम आला की नोकरी जाते. पेढीवरील जुन्या मुनिमास असा निरोप सहसा मिळत नसे.

तथापि ही विद्या परकी नव्हे. मास्टरकार्ड या अमेरिकन कंपनीचे २०१० ते २०२० पर्यंत मुख्याधिकारी राहिलेले अजयपाल सिंग बंगा यांचा जन्म पुण्याच्या खडकीचा. २०१६ साली सुरू झालेले यूपीआय ही मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची निर्मिती.

म्हणून बंधूंनो, मुलांना जाऊ द्यावे. मात्र जाण्यापूर्वी एक वर्ष रोजमेळ लिहावयास बसवावे. आणि परत येतील तेव्हा त्यांच्याकडून आपणही शिकावे. फोनवर उत्तर न आल्यास आता मी आधी खाते पाहतो, मगच बोट उचलतो.